ट्रम्पेट स्नेल: गोगलगायी झकास, पाकिटावरचा मजकूर बाद

माल म्हणून तक्रार शून्य. ऑनलाइन मागवलेल्या 'मलेशियन ट्रम्पेट स्नेल' सगळ्या जिवंत पोचल्या, टोकदार शंख शाबूत. दिवसभर वाळूत गडप, दिवा मालवला की काचेवर. मत्स्यटाकीतली वाळू आता दगडासारखी बसत नाही आणि धडधाकट पानांना या तोंडही लावत नाहीत.

वैताग आणला तो पाकिटानं. (विक्रेत्याचं नाव देत नाही, असा मजकूर बरेच जण छापतात.) 'नर-मादी जोडीची खात्री'! अहो, या गोगलगायींत (शास्त्रीय नाव मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा) नर असतात, पण क्वचित. मादीचं त्यांच्यावाचून काही अडत नाही. मानेजवळच्या पिशवीत ती पिल्लं वाढवते आणि शंखासकट बाहेर सोडते. एक आणलीत तरी टाकी भरेल.

'मूळ मलेशियाची' हेही अर्धवट. आफ्रिकेपासून दक्षिण आशियापर्यंत ही मूळचीच आहे, आणि निसर्गशास्त्रज्ञ म्युलरनं 1774 मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून.

सगळ्यात मोठी थाप म्हणजे 'भरपूर जनुकीय विविधता'. माझ्या पाकिटातल्या सगळ्यांचे पट्टे नि ठिपके हुबेहूब सारखे, म्हणजे बहुधा एकाच आईचा गोतावळा. विविधता हवी तर वेगवेगळ्या ठिकाणचे वंश एकत्र यावे लागतात. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेमकं तेच झालं: निरनिराळे वंश वेगवेगळ्या वेळी येऊन पोचले, अधूनमधून त्यांचा संकरही झाला. त्यामुळे तिथल्या गोगलगायींत वाढीचा वेग, पिल्लांचा आकार अशा गोष्टींत मोठा फरक असल्याचं 2008 च्या अभ्यासात दिसलं. एकाच टाकीतून पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या मालात ते कुठून येणार?

अलैंगिक, म्हणजे नराशिवाय वाढणाऱ्या, म्हणून सगळ्या एकसारख्याच, असंही नाही. न्यूझीलंडच्या तळ्यांत पोटॅमोपिर्गस अँटिपोडॅरम या चिखल-गोगलगायीच्या लैंगिक आणि अलैंगिक माद्या शेजारी शेजारी राहतात. लैंगिकांत गुणसूत्रांचे दोन संच, अलैंगिकांत बहुतेक तीन. लैंगिक वंशातून अलैंगिक वंश पुन्हा पुन्हा फुटत राहिल्यामुळे तिथे क्लोनच (एकेका मादीपासून चाललेले हुबेहूब वंश) ढीगभर. देशाबाहेर पडले त्यांतले मोजकेच, पण 1987 मध्ये अमेरिकेच्या स्नेक नदीत सापडल्यावर पुढे पश्चिमेकडच्या कितीतरी ओढ्यांत त्यांनी बस्तान बसवलं.

म्हणून एक तारा कापला तो याच्यासाठी: टाकीचं पाणी नि वाळू नदी-ओढ्यात ओतू नका, हे एक वाक्य पाकिटावर कुठेही नाही. जास्तीच्या गोगलगायी मी फ्रीझरमध्ये गोठवून मगच कचऱ्यात टाकते.