डेअरीच्या जुन्या एक्सपीवर डब्ल्यूएक्सविजेट्स ३.२: वापरून सांगते

डब्ल्यूएक्सविजेट्स ३.२ ही प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायची सी++ लायब्ररी विंडोज एक्सपीवर कंपाइल होते, व्यवस्थित चालते आणि मराठी-कन्नड दोन्ही लिप्या शुद्ध दाखवते. चालू मशीन फेकून नवीन घ्यायचं ज्यांच्या मनात नाही, त्यांनी डोळे झाकून हीच घ्यावी. त्रासाच्या जागा आहेत, त्याही सांगते.

मी निपाणीची. आसपासच्या गावांतल्या दूध डेअऱ्या, वजनकाटे, सोसायट्या यांना लागणारी छोटी सॉफ्टवेअरं करून देते. हे मशीन चिकोडीकडच्या एका गावातल्या डेअरीतलं आहे. जुना पेंटियम, एक जीबी रॅम, आणि मागे खरेखुरे नऊ पिनांचे दोन सीरियल पोर्ट. एकाला काटा, दुसऱ्याला फॅट मशीन. इंटरनेट जोडलेलं नाही आणि जोडूही नये, कारण मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून एक्सपीची देखभाल बंद केली आहे. पण सकाळ-संध्याकाळ कॅन मोजायला त्याला काही होत नाही. सेक्रेटरी मामांचं म्हणणं एवढंच होतं, "ताई, मशीन चालतंय की. पावतीवर नाव तेवढं बरोबर येऊ दे बघा."

नावाचा प्रश्न खरा होता. आधीची पावती इंग्रजीत निघायची आणि गावात बी. एस. पाटील तीन-चार! कुणाचं फॅट कुणाच्या नावावर, यावरून बिलाच्या दिवशी वाद. शिवाय आमच्याकडे घराघरात दोन लिप्या आहेत. आजोबा मराठी शाळेत शिकलेले, नातू कन्नड माध्यमात. सभासदाला हवी त्या लिपीत पावती मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ज्याला आपला हिशेब आपल्याला वाचता येतो, त्याला काट्यासमोर कुणाचं तोंड बघायला लागत नाही.

त्यामुळे माझी पहिली कसोटी जोडाक्षरांची. फास्ट लाइट टूलकिट, म्हणजे एफएलटीके, ही अशाच कामाची दुसरी लायब्ररी मी घरच्या जुन्या लिनक्सवर लावून पाहिली होती. अतिशय हलकी, कंपाइल भराभर होते, मला आवडते. पण तिची १.३ मालिका लिनक्सवर अक्षरं एकापुढे एक नुसती मांडते. 'शिवलिंग' लिहिलं की पहिली वेलांटी 'श'च्या पुढे जाऊन बसते, 'लक्ष्मी'तला 'क्ष्म' पाय मोडून तीन तुकड्यांत उभा राहतो. १.४ मध्ये अक्षरं जुळवून देणारी पँगो लायब्ररी जोडायची सोय आली, पण ती वेगळी गोष्ट. क्यूटी या तिसऱ्या लायब्ररीची अक्षरं उत्तम, मात्र एक्सपीवर चालणारी तिची शेवटची मालिका ५.६, ५.७ पासून एक्सपी बाद. ती सोर्सपासून बांधायची तर पर्ल, पायथन अशी बरीच तयारी आधी लागते, आणि एकच एक्झी (चालवायची फाइल) करून द्यायची म्हटलं तर एलजीपीएल या मुक्त लायसन्सच्या अटी पाळत बसावं लागतं.

डब्ल्यूएक्सची गोष्ट मुळातच निराळी. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात ती सुरू केली. पूर्वी नाव डब्ल्यूएक्सविंडोज होतं, २००४ मध्ये बदललं. ही लायब्ररी बटण, चौकट, यादी स्वतः रंगवत बसत नाही, विंडोजकडून मागून घेते. म्हणजे जोडाक्षरं जुळवायचं काम एक्सपीतल्या युनिस्क्राइब या भागाकडे जातं, आणि ते काम त्याला चांगलं येतं. लायसन्सही एलजीपीएलवर सवलत देणारं असल्याने सगळं एका एक्झीत बांधून सोर्स न देता दिलं तरी चालतं. नवीन विंडोजमधली बरीच फंक्शनं ती प्रोग्राम चालताना शोधते आणि नसतील तर त्यांच्यावाचून चालवते. म्हणून तर हीच एक्झी सेक्रेटरींच्या मुलाच्या विंडोज १० वरही तशीच उघडली.

आता बांधणीकडे, म्हणजे लायब्ररी कंपाइल करण्याकडे. एक्सपीच्या ब्राउझरवरून डाउनलोडच्या साइट उघडत नाहीत, कारण टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत त्याला येत नाही. दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने न्या. गिटहबवरचा कच्चा सोर्स न घेता प्रकाशित आवृत्तीची झिप घ्या. झेडलिब, पीएनजी, जेपेग, टिफ, एक्सपॅट या मदतीला लागणाऱ्या लायब्रऱ्या, हे सगळं तिच्यात आधीच भरलेलं असतं, त्यामुळे नेट नसलेल्या मशीनवर काहीही अडत नाही. कंपाइलर म्हणून कोडब्लॉक्स १७.१२ या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा मिनजीडब्ल्यू, जीसीसी ५.१ वाला, पुरेसा आहे, ३.२ ला सी++११ सुद्धा लागत नाही. कोडब्लॉक्स स्वतः डब्ल्यूएक्समध्येच लिहिलेलं आहे, म्हणजे ते उघडलं तिथेच निम्मी परीक्षा झाली.

झिप थेट सी ड्राइव्हवर लहान नावाच्या फोल्डरात सोडा. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'च्या पोटात ठेवलीत तर नावातल्या मोकळ्या जागांवर मेक, म्हणजे बांधणी चालवणारा प्रोग्राम, अडखळतो. पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) एसएच.एक्झी असेल तर तीही बाजूला करा, नाहीतर मेकफाइल तिच्या नादाला लागून भलत्याच चुका दाखवते. मग बिल्ड फोल्डरातल्या एमएसडब्ल्यू फोल्डरात जाऊन जीसीसीची मेकफाइल चालवायची: बिल्ड रिलीज, शेअर्ड ०, युनिकोड १. डीबग बांधणी एक जीबीच्या मशीनवर करू नका, लायब्ररीच्या फाइली अवाढव्य होतात आणि लिंक करताना मशीन हार्ड डिस्क खरवडत बसतं. रिबन, मीडिया, वेबव्ह्यू, कोड दाखवणारा एसटीसी हे भाग डेअरीला कशाला हवेत? मेकच्या ओळीत आणि सेटअप.एच मध्ये, दोन्हीकडे शून्य करा. बांधणी बरीच आटोपशीर होते.

तरीही वेळ लागतो. मी संध्याकाळचं दूध घेऊन झाल्यावर लावलं, आणि मध्यरात्रीनंतर लाइट गेली. आमच्याकडे हे गृहीत धरूनच काम करायचं. चांगली गोष्ट अशी की मेक पुन्हा चालवला की झालेल्या फाइली सोडून पुढे जातो. मात्र लाइट जाताना जी ऑब्जेक्ट फाइल (एकेका सोर्स फाइलचं कंपाइल झालेलं रूप) लिहिली जात असते ती अर्धवट राहते, मेक तिला झालेली समजतो, आणि शेवटी लिंक करताना 'फाइल ट्रंकेटेड' असा संदेश येतो. उपाय सोपा आहे. ऑब्जेक्टच्या फोल्डरात फाइली वेळेनुसार लावा, शेवटची काढून टाका, पुन्हा मेक. सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही.

झिपमधल्या सॅम्पल्सपैकी 'मिनिमल' हा छोटा नमुना प्रोग्राम आधी बांधून बघा. तुमच्या प्रोग्रामच्या आरसी (रिसोर्स) फाइलमध्ये डब्ल्यूएक्सची आरसी फाइल जोडायला विसरू नका. तिच्यातून बटणांचं एक्सपीचं रूप मागणारं मॅनिफेस्ट येतं, नाहीतर बटणं विंडोज ९५ च्या काळातली दिसतात.

मराठी-कन्नड दिसण्यासाठी एक्सपीतच एक दार उघडावं लागतं. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस, आणि तिथे गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली टाकण्याची चौकट. खूण केली की ते एक्सपीची सीडी मागतं. डेअरीत ती असणार कुठून? मला बेळगावात खडे बाजारातल्या एका जुन्या दुकानदार काकांकडे मिळाली. एकदा हे झालं की मंगल फाँटवर देवनागरी आणि तुंगा फाँटवर कन्नड, खाली जोडून येणाऱ्या वत्तु अक्षरांसकट, स्वच्छ दिसते. फाँटचं नाव 'निर्मला यूआय' असं पक्कं लिहून ठेवू नका, तो विंडोज ८ पासून आला.

कोडमध्ये मराठी मजकूर साध्या अवतरणात लिहिला तर पडद्यावर बरोबर येत नाही. विंडोजच्या नेहमीच्या आठ बिटांच्या कोडपेजांत (अक्षरांच्या जुन्या तक्त्यांत) देवनागरी नाही, रूपांतर फसतं आणि मजकूर बिघडतो. एकही चूक न दाखवता! हे मला या लायब्ररीचं सगळ्यात खटकलेलं वागणं. लायब्ररीच्या फ्रॉमयूटीएफ८ या फंक्शनमधून नेलं की प्रश्न संपतो. भाषा बदलायची व्यवस्था मात्र सुरेख आहे. गेटटेक्स्ट पद्धतीच्या भाषांतर-फाइली वापरते, आणि त्यांचं भाषांतर पोएडिट या प्रोग्राममध्ये करता येतं. कन्नड बाजू मी शेजारच्या शिक्षिका अक्कांकडून करून घेतली. त्यांना प्रोग्रामिंगचा गंध नाही, पण पोएडिट त्यांनी लगेच हाताळलं.

दुसरी उणीव सीरियल पोर्टची. क्यूटीत त्यासाठी तयार क्लास आहे, इथे नाही. मी विंडोजची स्वतःची फंक्शनं वापरून वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यात) काटा वाचते आणि वजन इव्हेंटने खिडकीकडे पाठवते. थ्रेडमधून खिडकीला थेट हात लावायचा नाही, एवढा नियम पाळला की काम चोख चालतं. छपाई डॉट मॅट्रिक्सवर ग्राफिक म्हणून होते, म्हणून इंग्रजी पावतीपेक्षा सावकाश. सकाळच्या गर्दीत हे जाणवतं. मी पावती चार ओळींची केली: नाव, लिटर, फॅट-एसएनएफ (दुधातले फॅटखेरीज घन घटक), रक्कम.

इन्स्टॉलची माहितीपत्रं झिपमध्येच डॉक्स फोल्डरात आहेत आणि नेटवरच्या अर्धवट सल्ल्यांपेक्षा शंभरपट भरवशाची आहेत. इंग्रजीत आहेत, नवशिक्या मुलांना जड जातील, पण तीच वाचा.

एक लक्षात घ्या, ३.३ मध्ये एक्सपीचा आधार काढला आहे आणि सी++११ सक्तीचं झालं आहे. एक्सपी सांभाळायचं असेल तर ३.२ हीच मालिका. तिच्यातली शेवटची दुरुस्त आवृत्ती घ्या. मशीन विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर मात्र ३.२ वर अडून राहायचं कारण नाही, सरळ ३.३ कडे जा. निपाणी, चिकोडी, खानापूर भागात कुणाला डेअरीसाठी बांधून हवी असेल तर बांधलेली लायब्ररी माझ्याकडे तयार आहे. पेनड्राइव्ह घेऊन या, पैसे नाही घेणार.