घरी बांधून घेतलेले एअर रायफलचे लाकडी कपाट : नाशिकच्या एका पूर्ण पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

एअर रायफल ठेवण्यासाठी घरी बांधलेले लाकडी कपाट नाशिकच्या हवेत साध्या पत्र्याच्या कपाटापेक्षा सरस ठरते, असे मत मी एक संपूर्ण पावसाळा पाहून मांडत आहे. या मताला दोन अटी आहेत. लाकूड पुरते मुरलेले असले पाहिजे, आणि कपाट भिंतीला पक्के जखडून त्याला खरोखरीचे कुलूप बसवले पाहिजे. या दोन्ही गोष्टी जमणार नसतील, तर कपाट कितीही देखणे झाले तरी ते रायफलसाठी योग्य नाही.

आमच्या घरी मुलीची दहा मीटर प्रकाराची मॅच रायफल (स्पर्धेची, दाबलेल्या हवेवर चालणारी) आणि माझी स्प्रिंगची साधी रायफल आहे. पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून व उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीचे सुरुवातीचे धडे नाशिकमध्येच गिरवले, आणि या शहरात मुलांना रेंजवर पाठवणारे पालक मला नेहमी भेटतात. महागडी रायफल घेताना चार ठिकाणी चौकशी करणारी ही मंडळी ती घरी कुठे ठेवायची याचा विचार मात्र करत नाहीत. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिमी व्यासाची नळी आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यामुळे ती दाराआड, पलंगाखाली किंवा कपड्यांच्या कपाटात उभी केलेली आढळते. मॅच रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. ती कमी वाटली तरी डोळा कायमचा निकामी करायला पुरेशी आहे, आणि म्हणून घरात मूल असो वा नसो, रायफल कुलपातच असली पाहिजे.

पत्र्याचे कपाट मी विचारपूर्वक नाकारले. आमचे घर गंगापूर रोडला असून जून ते सप्टेंबर या काळात पश्चिमेकडील भिंतींना ओल धरते. अशा दिवसांत रात्री पत्रा थंड पडतो, दमट हवा आत शिरते आणि आतल्या बाजूला दव धरते. तेच पाणी पुढे बॅरलच्या काळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके उमटवते. लाकूड हवेतील दमटपणा सावकाश शोषून घेते आणि कोरडे दिवस आले की सावकाश सोडते, त्यामुळे आतली हवा बाहेरच्या चढउतारांच्या मानाने पुष्कळ स्थिर राहते. मी आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. भर श्रावणात खोलीतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना कपाटात ती ६० च्या आसपास राहिली, आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) बदलल्यावर ५० ते ५५ पर्यंत खाली आली. लोखंडाला गंज चढण्याचा वेग साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या पुढे वाढतो, हे लक्षात घेतले तर हा फरक महत्त्वाचा आहे.

लाकडाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या कपाटाचे अर्धे यश त्यातच आहे. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पाडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या तुळया, वासे आणि चौकटी वखारीत विकायला येतात. दोन्ही दरवाजे आणि समोरची चौकट मी अशाच जुन्या सागवानातून करून घेतली. अनेक दशके छपराखाली राहिलेले हे लाकूड पुरते वाळलेले असते, ते पिळत नाही आणि वाळवीही सहसा त्याच्या वाटेला जात नाही. वखारवाल्याने तुळई माझ्यासमोर चिरून आतले लाकूड दाखवले, पोचट भाग बाजूला काढला आणि त्या भागाचे पैसे लावले नाहीत. या व्यवहाराबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. मात्र जुन्या लाकडात खिळे रुतलेले असतात. ते चुंबक फिरवून शोधून काढल्याशिवाय तुळई रंधा यंत्रावर चढवू देऊ नये, नाहीतर पाती तुटतात आणि मिस्त्रीचा विश्वास कमी होतो. सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे जोडाच्या जागा घासून, पुसून लगेच फेविकॉल लावणेही आवश्यक असते.

कपाटाचा सांगाडा १९ मिमी प्लायवूडचा आहे आणि त्यासाठी आयएस ७१० हा शिक्का असलेले मरीन प्लाय वापरले. आयएस ३०३ चे बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारे) प्लायही चालले असते. एमआर दर्जाचे (फक्त दमटपणा सोसणारे) प्लाय आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला तक्ता) मात्र ओल येणाऱ्या भिंतीजवळ मी कोणालाही सुचवणार नाही. मापे अशी ठरवली की प्लायच्या आठ बाय चार फुटांच्या एकाच तक्त्यात सांगाडा निघावा. तक्त्यातून ६० इंच लांब आणि १४ इंच रुंद अशा तीन पट्ट्या निघतात. त्यांपैकी दोन कपाटाच्या बाजू होतात आणि तिसरी जोते (कपाटाखालचा पाया) व खणासाठी उरते. राहिलेल्या ३६ इंचांच्या तुकड्यातून ३० बाय १४ इंचांच्या तीन फळ्या निघतात, त्या वरचा, खालचा आणि मधला आडवा भाग होतात. पाठीमागे १२ मिमी प्लाय आहे. कापणीचा हा आराखडा मी कागदावर काढून मिस्त्रींना दिला होता आणि त्यांनी तो न बदलता स्वीकारला. प्लाय कापून आणायचे असेल तर दुकानातील यंत्रावरच कापून घ्यावे, घरी हातकरवतीने कड सरळ येत नाही.

दरवाजे कसे करावेत यावर मिस्त्रींचे आणि माझे थोडे मतभेद झाले, आणि शेवटी त्यांचेच म्हणणे योग्य ठरले. मला सपाट फळीचा दरवाजा हवा होता. त्यांनी खाच आणि कुसूच्या (खाचेत शिरणाऱ्या जिभेच्या) जोडाची चौकट करून तिच्या खोबणीत पॅनेल सैल बसवले, पॅनेलला गोंद अजिबात लावला नाही. लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. पॅनेल मोकळे असले की ते खोबणीत सरकते, चौकट मात्र जागची हलत नाही. ऑगस्टमध्ये डावा दरवाजा तळाशी किंचित घासू लागला, तो त्यांनी येऊन अर्ध्या तासात रंधून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. काम संपल्यावरही असा माणूस फोन उचलतो आणि येतो, याचे मोल मोठे आहे. त्यांच्या कामाचा एकच दोष सांगावासा वाटतो: आतल्या बाजूची सफाई त्यांनी बाहेरच्या मानाने घाईत केली आणि मागील प्लायची कड पॉलिश पेपरने मला पुन्हा घासावी लागली.

आतली मांडणी फक्त रायफल पाहून ठरवावी लागते, तयार नमुना येथे उपयोगी पडत नाही. मॅच रायफलला चीकपीस (गाल टेकवायचा भाग), बटचा (खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागाचा) हुक आणि बाजूला येणारी खिट्टी असते, म्हणून दोन रायफलींच्या मध्यरेषांमध्ये ७ इंच अंतर ठेवले. चार जागांना २८ इंच पुरतात. उंची मधल्या आडव्या फळीच्या वर ४ फूट ३ इंच मोकळी आहे, कारण उभी रायफल अनेकदा साडेतीन फुटांच्या पुढे जाते आणि तिला हाताने उचलून बाहेर काढायलाही जागा लागते. बट एका खोलगट बैठकीत बसते आणि वरचा टेकू पुढच्या लाकडी भागाला लागतो, बॅरलला किंवा हवेच्या नळकांड्याला नाही. मॅच रायफलचे बॅरल बाकीच्या भागांना न टेकता मोकळे ठेवलेले असते, आणि रोज रायफल उभी राहिल्याने त्यावर दाब येणे योग्य नाही. टेकूला आतून लाल मखमल लावायची मिस्त्रींची इच्छा होती. कापड ओल धरून ठेवते, म्हणून मी ईव्हीए फोमची पट्टी लावली, जी पाणी शोषत नाही. रायफलच्या पेटीतला स्पंजही याच कारणासाठी टाळावा. पेटी रेंजपर्यंत नेण्यासाठी आहे, घरी कायम ठेवण्यासाठी नाही.

छऱ्यांसाठी खाली वेगळा खण आणि वेगळे कुलूप आहे. छरे शिशाचे असतात, आणि लाकडातून, विशेषतः ताज्या लाकडातून आणि एमडीएफमधून, अत्यल्प प्रमाणात आम्लाची वाफ सुटत राहते. ती शिशाला बाधते आणि छऱ्यांवर पांढरट भुकटी धरते. त्यामुळे छरे त्यांच्या घट्ट झाकणाच्या डबीतच ठेवावेत आणि गोंद-पॉलिश झाल्यावर कपाट निदान काही आठवडे उघडे ठेवून मगच वापरात आणावे. आमच्याकडे मे महिन्यातील उन्हाने हे काम चोख केले. बाहेरून लाखेचे पॉलिश दिले, आतून जाणीवपूर्वक काहीही लावले नाही, कारण पॉलिश केलेले लाकूड हवेतील ओल फारशी शोषत नाही.

कुलपाच्या बाबतीत काटकसर करू नये. फर्निचरच्या दुकानात मिळणारे छोटे कॅम लॉक खणाला ठीक आहे, मुख्य दरवाजाला नाही. तेथे मी लिव्हरचे, दारात पूर्ण बसणारे कुलूप घेतले. बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत, म्हणजे बाहेरून पिन ठोकून दरवाजा काढता येत नाही. काच मुळीच लावली नाही, कारण आत काय आहे हे पाहुण्यांना दिसण्याची गरज नाही. कपाट मागील भिंतीवर चार फास्टनरने जखडले आहे, आणि भिंत व कपाट यांच्यामध्ये पाऊण इंचाच्या पट्ट्या देऊन हवा खेळती ठेवली आहे. जोते ४ इंच उंच आहे. फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही. गोदाकाठी, सराफ बाजाराच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र हे कपाट वरच्या मजल्यावरच बांधावे, कारण पुराचे पाणी त्या भागात येते हे सर्वांना ठाऊक आहे.

या कपाटाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ठरवून आलेला चोर पहारीने हे लाकूड फोडू शकतो. म्हणून परवान्याच्या बंदुकीसाठी मी ते सुचवणार नाही. मुले, पाहुणे आणि घरी कामाला येणारी माणसे यांच्यापासून रायफल दूर राखणे हे त्याचे काम आहे आणि ते काम ते उत्तम करते. खर्चही कमी नाही. लाकूड आणि मजुरी जवळपास सारखीच आली, आणि दोन्ही मिळून रक्कम त्याच आकाराच्या साध्या पत्र्याच्या कपाटाच्या किमतीहून बरीच जास्त झाली. मजुरी ठोक ठरवली होती. रोजावर दिली असती तर दरवाजांच्या जोडकामात ती वाढली असती. शिवाय सिलिका जेलची देखभाल सतत लागते. दाराच्या कडेला रबरी पट्टी लावली नाही, तर बाहेरची दमट हवा आत येत राहते आणि जेल लवकर निकामी होते. पट्टी लावल्यावर ते बरेच जास्त दिवस टिकले. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते जुन्या ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात.

रायफल आत कशी जाते यावरही कपाटाचे यश अवलंबून आहे. वातानुकूलित रेंजवरून आणलेली थंड रायफल लगेच बंद कपाटात ठेवल्यास तिच्यावर दव धरते, म्हणून ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि घामाचे हात लागलेले धातूचे भाग किंचित तेलाच्या फडक्याने पुसावेत. स्प्रिंगची रायफल ताणलेली ठेवू नये, नाहीतर स्प्रिंग दबून हळूहळू कमजोर होऊ शकते. मॅच रायफलच्या नळकांड्यात थोडा दाब राहू द्यावा, त्याने आतले सील जागेवर राहतात. त्यावर कोरलेली तारीखही पाहत जावी, कारण बहुतेक उत्पादक त्याची मुदत दहा वर्षे धरतात. हवा भरण्याचा मोठा सिलिंडर या कपाटात कधीही ठेवू नये. आम्ही तो गच्चीच्या जिन्याखाली, ऊन न लागणाऱ्या कोपऱ्यात साखळीने बांधून उभा ठेवतो. आतल्या प्रत्येक रायफलच्या बॅरलमध्ये केशरी सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घातलेला असतो, आणि चाव्यांचा एकच जुडगा घरातील एका मोठ्या माणसाकडेच राहतो.