गौताळ्यातला तंबू 13,099 रुपयांना पडला

इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतला फोटो आधी सांगतो, कारण माझी अक्कल तिथंच चरायला गेली. दाट धुकं, मागं देवदार, पुढं पिवळे तंबू. खाली लिहिलेलं: 'गौताळा कॅम्पिंग, मे स्पेशल, माणशी 1,499'. मी जालन्याचा. कन्नडच्या पुढं, गौताळा अभयारण्यात, मेमध्ये कसं असतं, हे मला कुणी सांगायला हवं का? साग झडलेला, डोंगर करपलेले, आणि म्हणे देवदार! तरी लेकरं हट्टाला पेटली म्हणून सहा जणांचा अ‍ॅडव्हान्स पाठवला, 4,500. पैसे पाठवताना नाव भलत्याच माणसाचं आलं. तेही दिसलं होतं.

गुरुवारी 'वन विभागाचा परवाना', 1,200. शुक्रवारी हवामान खात्याचा यलो अलर्ट. तो त्या कॅम्पवाल्यानंच मला पाठवला. "सर, अवकाळी येतोय, वॉटरप्रूफ तंबू घ्या." 2,400. इशारा खरा होता, म्हणून माणूसही खरा वाटला.

शनिवारी वेरूळ ओलांडलं तेव्हाच आभाळ भरलं. कन्नडला गारा. गेटवरचा वनरक्षक म्हणाला, "अभयारण्यात असे कुणाचेही तंबू लागतात का साहेब? या महिन्यातले तुम्ही तिसरे." मग गेटवर एक बोर्ड लावायला काय होतं?

टपरीच्या पत्र्याखालून फोन लावला. उचलला! "पावसामुळं कॅम्प रद्द झालाय, पूर्ण रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा." पत्र्यावर गारांचा कडकडाट, धाकटी रडतेय, बायको माझ्याकडं बघतेय. पिन टाकला. 4,999 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच आईला दहादा सांगितलंय.

असं झालं तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा. मी घरी येऊन, जेवून, दुसऱ्या दिवशी केला. तोवर त्याचं खातं रिकामं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. तिकडचं ठाणं म्हणालं, राहता तिथं जा. इथलं म्हणालं, घडलं तिथं जा. दीड तास बाकावर बसवून जमादारानं विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात तंबूत झोपायला कशाला जायचं?" भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे, हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते. मी ते म्हणालो, तर मलाच विचारतो, "वकील आहात का?" शेवटी सायबर पोर्टलवर स्वतःच भरलं. स्क्रीनशॉट पुसू नका, व्यवहार क्रमांक लागतो. आणि अभयारण्यात मुक्काम करायचा तर आधी वन विभागाला विचारा, इन्स्टाग्रामला नाही.

ऑफिसात अजून एवढंच सांगितलंय, की पावसामुळं परत आलो.