थर्माकोलचा खोका आणि सेलवरचा एअर पंप: पुणे-सातारा सहा फेऱ्यांनंतर

गेल्या पावसाळ्यात बाबांनी साताऱ्याच्या घरी तीन फुटी फिश टँक लावला, आणि माझ्या पुण्याच्या टँकमध्ये वाढलेली माशांची पिल्लं तिकडे न्यायला सुरुवात झाली. आठ महिन्यांत सहा फेऱ्या झाल्या. खोका औषधाच्या दुकानातून मिळाला, इंजेक्शनं ज्यात येतात तो जाड थर्माकोलचा. पाण्यात हवा सोडणारा, दोन मोठ्या सेलवर चालणारा पंप साडेतीनशे रुपयांना घेतला.

खोक्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. मार्चमध्ये खंबाटकी घाटाच्या अलीकडे गाडी तासभर अडकली, बाहेर 36 अंश. निघताना पिशवीतलं पाणी 26 होतं, पोचल्यावर 28. झाकण लावलं की आत अंधार होतो आणि अंधारात मासे शांत राहतात. फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की पिशव्या लवंडत नाहीत.

पंपाबद्दल मात्र मत बदललं. पहिल्या फेरीला मी पिशव्यांची तोंडं अर्धवट उघडी ठेवून आत नळी सोडत होते. त्याची गरजच नव्हती. पिशवीत एक तृतीयांश पाणी, वर दोन तृतीयांश हवा, मासे मोजके आणि आदल्या दिवसापासून उपाशी, एवढं पाळलं तर तीन तासांना ती हवा पुरते. पंप लागतो तो मोठ्या एंजल माशांसाठी, कारण ते मी झाकणाच्या बादलीतून नेते. नळी गरम झाली की तोटीवरून निसटते, ते अधूनमधून बघावं लागतं. ठेवून देताना सेल काढावेत, नाहीतर ते पाझरतात. घरची वीज गेली की हाच पंप टँकला लावते. पैसे खरे वसूल झाले ते तिथे.

दुसऱ्या फेरीत माझ्या हातून तीन कॉरी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) गेल्या. प्रवासात त्या ठणठणीत होत्या. पोचल्यावर मी पिशव्या उघडल्या, पंप लावला आणि नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून तासभर बाबांच्या टँकचं पाणी थेंबाथेंबाने सोडत बसले. बंद पिशवीत माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे आम्लता वाढते. तेवढ्या वेळात माशांनी टाकलेला अमोनियाही साठतो, पण उतरलेल्या पीएचला तो बराचसा अमोनियमच्या रूपात असतो, ते फारसं विषारी नाही. पिशवी उघडून हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशांना जाळायला लागतो. हे मला नंतर कळलं, आणि त्या तीन कॉरींचं अजून वाईट वाटतं.

पण पाणी न जुळवता सोडणंही जमणार नव्हतं. माझ्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 110 च्या आसपास, बाबांच्या बोअरचा 460. यावर आम्ही काढलेला उपाय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: पाणी जुळवायचं ते निघण्याआधी. बाबा पुण्याला येताना बोअरच्या पाण्याचे दोन कॅन आणतात. जायचे मासे मी आठवडाभर आधी वेगळ्या टबात काढते, जुन्या फिल्टरचा स्पंज त्यात लावते आणि रोज थोडं थोडं ते पाणी घालते. साताऱ्यात पिशवी न उघडता वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवायची, फक्त तापमानासाठी. मग उघडायची, मासे जाळीने काढून लगेच टँकमध्ये सोडायचे. पिशवीतलं पाणी मोरीत, टँकमध्ये थेंबही नाही.

कॉरी मात्र जाळीने धरू नका, त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि पिशवीलाही भोक पाडतात. मी त्यांना वाटीने उचलते आणि रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीतून नेते. या पद्धतीने चार फेऱ्या झाल्या, एकही मासा गेला नाही. पुढच्या आठवड्यात एंजलची जोडी न्यायची आहे, बाबांचे कॅन कालच आले.