सांगलीत चाकू बनवायला शिकायचंय? मग माधवनगर रोडच्या मामांच्या भट्टीवर जावा

रिव्ह्यू टाकायला तसं हे दुकान पण नाही, बोर्डच नाही. माधवनगर रोडवरनं आत वळलं की लोहार मामांचं पत्र्याचं शेड आहे. आठवडाभर कोयते, विळे, कुऱ्हाडी असलं नेहमीचं काम, पण रविवारी सकाळी तिथं चाकूचा नाद असलेली चार-पाच डोकी जमतात आणि हा रिव्ह्यू मेन त्यांच्यासाठीच आहे. किर्लोस्करवाडीला आयुष्य काढलेले एक रिटायर फिटर काका, मिरजेचे एक डॉक्टर, बाकी कॉलेजची पोरं. धंदा कुणाचाच नाही.

मला फक्त घरी ग्राइंडरवर घासून आणलेलं पातं कडक करून पाहिजे होतं. तसं आयतं करून मिळत नाही इथं, आधीच सांगतो. काकांनी विचारलं लोखंड कुठलं, ट्रकच्या पाट्याचं म्हटल्यावर मान हलवली आणि सांडशी माझ्याच हातात दिली. भट्टीशेजारी तारेला लोहचुंबक टांगलंय, पातं लाल झालं की त्याला टेकवून बघायचं, चिकटायचं बंद झालं म्हणजे ७७० डिग्रीच्या आसपास आलं, तिथनं अजून थोडं वर न्यायचं, आणि उजेडात रंग फसवतो म्हणून तो कोपरा पोती लावून मुद्दाम काळोखा केलाय. मग ५०-६० डिग्रीला कोमट केलेल्या तेलात टोकाकडनं सरळ खाली, आडवं हलवायचं नाही. बाहेर काढल्यावर कानस मारून बघितली तर काचेवर घसरावी तशी घसरली, म्हणजे पातं कडक झालं, पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

पातं जरा वाकलं होतं. डॉक्टर म्हणले टेन्शन घेऊ नका, पातळ पातं वाकतंच. शेडमधल्या जुन्या ओटीजीत (घरगुती ओव्हन) २०० डिग्रीला दोन तास ठेवलं, मग पात्याचा फुगवटा खाली करून अँगलच्या तुकड्यावर धरलं, मधोमध एक रुपयाचं नाणं सरकवलं, दोन्ही टोकं क्लॅम्पनं खाली दाबली आणि परत दोन तास. थंड झाल्यावर क्लॅम्प सोडले तर एकदम सरळ! ही आयडिया मला कुठं विकत मिळाली असती?

आता तक्रार. सल्ले लै मिळतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. मामांचं म्हणणं तेल-बिल सगळं फॅशन, ते कोयत्याची नुसती धार पाण्यात बुडवतात, पाठीत राहिलेली ऊब धारेकडं सरकू देतात आणि धारेवर पिवळ्याचा जांभळा रंग चढायला लागला की सगळा कोयता पाण्यात. काका म्हणतात जाड कोयत्याला ते ठीक, पण वीतभर पातळ पात्याला पाणी दिलं तर चीर गेलीच समजा. माझं मत विचाराल तर सुरुवातीला काकांचं ऐका, पण मामांचे हात चालू असताना बाजूला उभं राहून बघाच.

मुठीच्या बाबतीत काका फार खवट आहेत. पातं आणि लाकडाच्या मधनं उजेड दिसला की अरल्डाइट लावू देत नाहीत, परत घासा. मी सतारवाल्यांकडचे तूनच्या लाकडाचे तुकडे नेले होते, ते हलकं आणि मऊ, ओल्या हातात टिकणार नाही म्हणून बाजूला ठेवले आणि स्वतःच्या डब्यातनं शिसवाची जोडी आणि पितळी रॉडचा तुकडा काढून दिला. पैसे घ्यायला तयारच नाहीत. मामांना कोळशा-तेलाचे म्हणून दिले ते घेतले, काका म्हणले मला घरातल्या मोडक्या कानशी आणून दे, त्याचं लोखंड चांगलं असतंय.

तलवार-गुप्ती शिकायची असली तर जाऊ नका, मामा दारातनंच परत लावतात. घरची आणि शेतीची अवजारं सोडली तर ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात अडकतं, ते उगाच कशाला.

दसऱ्याच्या आसपास गळीत हंगामाच्या कोयत्यांची गर्दी असते, तेव्हा रविवार पण मोकळा नसतो, दिवाळी झाल्यावर जावा. पार्किंग नाही, धूर भरपूर. अंगात सुती कपडे घाला, नायलॉनवर ठिणगी पडली की भोकच. आणि चष्मा आपापला न्या, तिथं एकच आहे आणि त्यातनं काही दिसत नाही.