‘टक्का वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला दिलेले २२,००० रुपये

माझा मोठा भाऊ सेंट्रिंगच्या कामावर होता. जून २०२३ मध्ये दुसऱ्या मजल्यावरून पडल्यामुळे त्याचा उजवा गुडघा आणि घोटा मोडला, आणि डाव्या हाताचे मनगटही गेले. पायात सळई व प्लेटा बसवाव्या लागल्या. मनगट प्लास्टरमध्येच जुळले, पण वाकडे जुळले. वर्षभरानंतर दादा काठी टेकत चालू लागला खरा, परंतु मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे किंवा कठड्याशिवाय जिना चढणे त्याला आजही जमत नाही. घरात वहिनीच्या शिलाईकामाशिवाय दुसरे उत्पन्न नव्हते, म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायचे ठरले. त्या वेळी तिचे अनुदान दरमहा १,५०० रुपये होते, आणि त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही शासकीय रुग्णालयातील दिव्यांग बोर्डापुढे, म्हणजे दिव्यांगत्व तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे गेलो. रांग मोठी होती, दादा संकोचाने मोजकेच बोलला, आणि विचारणा झाली तेव्हा त्याने फक्त पाय पुढे केला. प्रमाणपत्र मिळाले ते २८ टक्क्यांचे. ‘टक्का बसला नाही’ हे शब्द त्या दिवशी मी प्रथम ऐकले, आणि ते ज्याने उच्चारले, त्यानेच पुढे आम्हाला फसवले.

तो गृहस्थ रुग्णालयाबाहेरील झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा होता. त्याच्याकडे फॉर्मचे गठ्ठे होते, येणारे-जाणारे त्याला नावाने हाक मारत होते, आणि दादाला बसायला त्याने स्वतः खुर्ची आणून दिली. ‘ताई, बोर्डाने टक्का चुकीचा लावला आहे. आपण अपील करू. पुन्हा तपासणीला यावे लागणार नाही, अपिलाची फी आणि वरचा खर्च मिळून २२,००० होतील,’ असे त्याने सांगितले. अपील हा शब्द कायदेशीर वाटला आणि आम्ही निश्चिंत झालो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद खरोखरच आहे; त्याच्या बोलण्यातील तेवढा एक शब्द खरा होता, आणि त्या आधारावर बाकीचे सगळे आम्ही खरे मानले. दादाने तर तिथेच हिशेब केला की पंधरा महिन्यांच्या अनुदानात ही रक्कम फिटून जाईल.

आम्ही ७,००० रुपये लगेच मोबाइलवरून पाठवले. शस्त्रक्रियेचे मूळ डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे फिल्मा आणि आधार कार्डाची प्रत त्याने ‘अपिलाला जोडण्यासाठी’ म्हणून ठेवून घेतली. दादाच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही त्याने दोनदा विचारून घेतला. त्या ओटीपीने त्याने नेमके काय केले हे पुढे कळले. दिव्यांग प्रमाणपत्राच्या ऑनलाइन अर्जातील आमचा मोबाइल क्रमांक काढून त्याने स्वतःचा घातला होता, त्यामुळे अर्जासंबंधीचा कोणताही संदेश आमच्यापर्यंत येण्याचा मार्गच उरला नव्हता. तपासणी न करता टक्का कसा वाढेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो विचारला नाही, कारण इतक्या खटपटीनंतर मिळणारी मदत हातची जाईल अशी भीती वाटली.

डिसेंबरमध्ये त्याने ५५ टक्क्यांचे प्रमाणपत्र आणून दिले आणि उरलेले १५,००० रुपये घेतले. लॅमिनेट केलेला कागद, दादाचा फोटो, गोल शिक्का, खाली तीन सह्या आणि कोपऱ्यात क्यूआर कोड, असे सगळे व्यवस्थित दिसत होते. जानेवारी २०२५ मध्ये तो कागद आम्ही तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत नेला. तेथील लिपिक बाईंनी क्यूआर कोड मोबाइलवर तपासला, तर शासकीय नोंद न उघडता त्याच कागदाचे छायाचित्र उघडले. मग त्यांनी यूडीआयडी क्रमांक, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचा ओळख क्रमांक, ‘स्वावलंबन’ या शासकीय संकेतस्थळावर टाकला, तेव्हा पडद्यावर दादाचीच नोंद आली आणि तिच्यात २८ टक्के होते. त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितले. दादाचा उजवा पाय मोडला आहे. प्रमाणपत्रात डाव्या पायाचे अपंगत्व लिहिले होते. महिनाभर तो कागद आमच्या घरात होता, आम्ही तो कितीदा तरी हातात घेतला होता, आणि टक्क्यांच्या आकड्यापलीकडे कोणीही काही वाचले नव्हते.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. अर्ज दाखल करून घेण्यापूर्वी त्यांनी आम्हाला बाजूला बोलावले आणि समजावले की हा कागद सादर केला असता तर गुन्हा आमच्यावर आला असता. दिव्यांगांसाठी असलेला लाभ फसवणुकीने घेतल्यास किंवा घेण्याचा प्रयत्न केल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्याच कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कागद बनवून देणारा त्या वेळी समोर नसतो. समोर असते ती ज्याच्या नावाचा कागद आहे ती व्यक्ती. खराखुरा दिव्यांग माणूस बनावट दिव्यांग म्हणून उभा राहणार होता, हे ऐकून दादा तिथेच भिंतीला टेकून बसला.

त्यानंतर आम्ही पुन्हा रुग्णालयात गेलो आणि वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटलो. त्यांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाने सगळे उलगडले: ‘मनगट बोर्डाला दाखवले होते का?’ आम्ही दाखवले नव्हते. शस्त्रक्रिया पायाची झाली, खर्च पायावर झाला, म्हणून टक्का पायाचाच, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात मोजले जाते ते आजाराचे नाव किंवा उपचारांचा खर्च नव्हे, तर उपचारानंतर शरीरात उरलेली अक्षमता. सांधा किती अंशांत हलतो, स्नायूंत किती बळ आहे, त्या पायावर उभे राहता येते का, उतारावर चालता येते का, मांडी घालता येते का, हे सारे ठरलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाहिले जाते. एकाहून अधिक अवयवांत दोष असेल तर टक्क्यांची सरळ बेरीजही होत नाही. मोठा आकडा तसाच धरतात आणि लहान आकड्याचा काही भागच सूत्राने त्यात मिळवला जातो.

आम्ही आधी अर्जातील मोबाइल क्रमांक दुरुस्त करून घेतला, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथील अभिलेख विभागातून डिस्चार्ज कार्डाची प्रमाणित प्रत मिळवली, नवीन एक्स-रे काढले आणि मनगटाचा स्पष्ट उल्लेख करून फेरतपासणी मागितली. मे २०२५ मध्ये डॉक्टरांनी दादाच्या मनगटाला कोनमापक लावला, ते वरखाली किती वळते ते पाहिले, मूठ आवळायला लावली, मग त्याला खोलीत चालायला आणि वळायला सांगितले. या साऱ्याला जेमतेम वीस मिनिटे लागली. पायाचे २८ टक्के कायम राहिले आणि मनगटाचे २१ टक्के ठरले. सूत्राने एकत्रित आकडा ४२ झाला. ४० ते ७९ टक्क्यांसाठी असलेले पिवळे यूडीआयडी कार्ड त्याला मिळाले, आणि त्यासाठी एक रुपयाही शुल्क द्यावे लागले नाही, कारण या अर्जाला शुल्कच नाही. जो हक्क दादाचा पहिल्या दिवसापासून होता, तो मिळायला आमच्या अज्ञानामुळे आणि त्या माणसामुळे आठ महिने उशीर झाला.

म्हणून ज्यांच्या घरी असा अर्ज करायचा आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की बोर्डापुढे जाताना शरीरातील प्रत्येक दोष सांगा, जुना असला तरी आणि लहान वाटला तरी, आणि त्याचे कागद सोबत न्या. टक्का कमी आला तर कारण विचारा. अर्जदार अपात्र ठरल्यास ती कारणे लेखी कळवणे बंधनकारक आहे. तपासणीशिवाय टक्का वाढवण्याची भाषा जो करतो, त्याच्याकडे विकण्यासारखे काही असू शकत नाही, कारण टक्का ठरतो तो तपासणीतच. मूळ कागद कोणाच्याही हाती ठेवू नका, ओटीपी सांगू नका, आणि हाती आलेले प्रमाणपत्र खरे की खोटे हे पाहण्यासाठी कागदावरील शिक्का नव्हे, तर संकेतस्थळावरील नोंद पाहा. माणूस खुर्ची आणून देतो, आपुलकीने बोलतो, एवढ्यावरून काहीही ठरवू नका. आमच्या बाबतीत ती खुर्चीच सर्वांत परिणामकारक ठरली.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आणि मोबाइलवरून पाठवलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही कळवले. पैसे गेल्याबरोबर कळवले असते तर ते बँकेतच रोखले जाण्याची शक्यता होती. आमच्या शेवटच्या हप्त्याला तोवर महिना उलटला होता आणि खाते रिकामे झाले होते. चौकशी सुरू आहे. दादाच्या गुडघ्यातील प्लेट काढायची की नाही हे ठरवण्यासाठी डॉक्टर पहिल्या दिवसाचे एक्स-रे मागत आहेत, आणि त्या फिल्मा अजून त्या माणसाकडेच आहेत.