‘किशोर’चे जुने अंक: ‘माका कंटाळो येता’ म्हणणाऱ्या पोरासाठी

पाचवीतल्या भाच्याला वाचता येतं, हे आधी सांगते. वेंगुर्ल्याच्या बंदरातल्या होड्यांवरची नावं, टेनिस क्रिकेटच्या बॅनरवरची बक्षिसाची रक्कम, वेफर्सच्या पाकिटामागची स्कीम, सगळं घडाघडा वाचतो. पुस्तक पुढ्यात ठेवलं की मात्र, ‘गे आते, माका कंटाळो येता.’ त्याच्या बाबाने प्रदर्शनातून हौसेने आणलेला थोर पुरुषांच्या चरित्रांचा संच सध्या टीव्हीखाली आहे. टीव्हीची उंची बरोबर झाली.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. वाचन नावडणाऱ्याला मासिक का चालतं, तर त्यात कुठूनही घुसता येतं. पुस्तक मधूनच उघडलं तर मोठी माणसं ओरडतात. हा पठ्ठ्या शेवटच्या पानापासून सुरू होतो: आधी कोडं, मग चित्रं, मग ज्या गोष्टीचं चित्र आवडलं ती गोष्ट. कविता सरळ उलटतो. उलटू दे.

मोबाईल हातात देऊ नका. पान मोठ्या कागदासाठी मांडलेलं, त्यामुळे अक्षर मुंगीएवढं दिसतं, आणि दोन मिनिटांत पोरगं रील्सवर. मी अनुक्रमणिका बघून एखादी गोष्ट आणि एक कोडं निवडते, बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काळं-पांढरं काढून घेते, पिन मारते. अख्खा अंक छापत नाही. जाडी बघूनच तो पळतो. घरच्या इंकजेटवर काढणार असाल तर पावसाळ्यात ओला हात लागला की शाई पसरते, झेरॉक्सची पसरत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा मुद्दा लहान नाही.

घरात बोलणं मालवणी आणि छापलेली भाषा पुस्तकी, त्यामुळे पहिल्या दोन परिच्छेदांत त्याची गाडी अडते. तेवढं मी मोठ्याने वाचते. गोष्ट रंगात आली की मला नेमकं आठवतं, गॅसवर तिवळ ठेवलंय. मी आत जाते, कागद पडवीतच राहतो. परत येईपर्यंत पान उलटलेलं असतं. विचारायचं मात्र नाही, ‘काय समजलं सांग.’ तो प्रश्न शाळेतला आहे, तिथेच राहू दे.

एकदा बाबाच्या शाळेच्या दिवसांतला अंक उघडला. त्यातलं कोडं घेऊन हा थेट बाबासमोर: ‘ह्यां कोडां तुका सुटलेलां काय?’ बाबाला तेव्हाही सुटलं नसावं, आता तर नाहीच सुटलं. त्या दिवसापासून जुने अंक मागून घेतले जातात.

जुन्या अंकांतली विज्ञानाची माहिती त्या काळची असते, हे लक्षात ठेवा. प्लुटोला ग्रहांच्या यादीतून 2006 मध्ये काढलं. त्याआधीच्या लिखाणात ग्रह नऊच. कुणाला ही अडचण वाटेल. आमच्याकडे छापलेल्यात चूक पकडायला मिळते म्हणून तोच परिच्छेद दोनदा वाचला जातो.

लांब गोष्टीकडे वळवायचं झालं तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बन्या, त्याची सायकल आणि तोंडाने काढलेलं ‘ट्टॉक!’ हे ट्टॉक आता आमच्या घरात सकाळपासून चालू असतं, तयारी ठेवा. 2017 चा सिनेमा आधी दाखवू नका. त्यातला फेणे मोठा झालेला आहे, पुस्तकातला शाळकरी, आणि पोरांना शाळकरीच जवळचा.

याहून लहान मूल असेल तर ‘किशोर’ थोडं जड जाईल. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ बघा. तेही फुकट, मराठी गोष्टी भरपूर, आणि वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर एका पानाला एखाददुसरं वाक्य असतं. इयत्ता बघून पातळी निवडू नका, मूल कुठे अडतं ते बघून निवडा; दुसरीतल्या मुलीला पहिल्या पातळीचं दिलं म्हणून काही बिघडत नाही.